संशयाचं रजिस्टर

(सामुदायिक रेडिओवर सादर झालेलं भाषण)

रानातून येऊन चुलीपाशी बसलेल्या, गिरणीत नंबर लावून थांबलेल्या, मोबाइलवर रेडिओ लावून शेंगा फोडत बसलेल्या सगळ्या जणींना आमचा नमस्कार.

गेली दोन वर्षं आपल्या मराठवाड्यात एक धावपळ चालू आहे. निजामकाळातल्या नोंदी शोधायच्या. पणजोबाच्या नावापुढं काय लिहिलंय ते बघायला लोक तहसीलच्या जुन्या दप्तरात शिरले, मोडी वाचणाऱ्याला शोधत फिरले. कुणाची नोंद सापडली की घरात पेढे. ज्यांची सापडली नाही ते अजून हेलपाटे घालताहेत. रजिस्टरातली एक ओळ माणसाचं काय करू शकते, हे आता आपल्याला कुणी शिकवायला नको.

आज आम्ही त्याच निजामाच्या राज्यातल्या दुसऱ्या एका रजिस्टराबद्दल बोलणार आहोत. त्यात आपलं नाव सापडावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

आपल्या घरच्या जुन्या कागदांवर फसली साल असतं ते तुम्ही बघितलं असेल. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल निघतं. फसली १३२९ म्हणजे १९१९. त्या साली हैदराबाद संस्थानात एक कायदा झाला. त्याच्या इंग्रजी नावात ‘यूनक’ असा शब्द होता. आपल्याकडं जुन्या माणसांच्या तोंडी ‘खोजा’ शब्द असायचा, तसाच. कायदा होता तृतीयपंथीयांसाठी. म्हणजे त्यांच्या भल्यासाठी नव्हे, त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी. हैदराबाद शहरातल्या, आणि सरकार सांगेल त्या इतर ठिकाणच्या, तृतीयपंथीयांचं एक रजिस्टर ठेवायचं. त्यात नाव आणि राहण्याचं ठिकाण लिहायचं. कुणाचं? ज्यांच्यावर पोरं पळवल्याचा, पोरांना खच्ची केल्याचा किंवा तेव्हाच्या कायद्यात ज्याला अनैसर्गिक गुन्हा म्हणत त्याचा संशय असेल त्यांचं. बायांनो, गुन्हा सिद्ध झालेला नव्हे. नुसता संशय.

आणि एकदा नाव चढलं की पुढचं ऐका. अशी व्यक्ती बाईच्या कपड्यात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, तर पोलिसांनी वॉरंटशिवाय धरायचं. रस्त्यावर गाणं-नाचणं केलं तरी धरायचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर तर सोडाच, रस्त्यावरून दिसावं अशा बेतानं दुसरीकडं कुठं उभं राहिलं तरी तोच गुन्हा. म्हणजे स्वतःच्या घराच्या ओट्यावर लुगडं नेसून, बांगड्या भरून उभं राहिलं तर दोन वर्षं आत. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात सांभाळला तरी तीच गत. मग तो कुणी टाकून दिलेला असो, आजारी असो.

हा विचार काही एकट्या निजामाचा नव्हता. त्याआधी १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्या कायद्याच्या नावातच दोन प्रकारची माणसं होती, गुन्हेगार ठरवलेल्या जमाती आणि ‘यूनक’. पारधी, कैकाडी, रामोशी यांचं पुढं काय झालं ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कागदावर तृतीयपंथीयही होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

आता या ‘संशय’ शब्दावर आम्हाला जरा थांबायचंय.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथं पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ती माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. पोरं पळवणारी टोळी आलीय, अशी मोबाइलवर अफवा होती. ही बातमी आपण सगळ्यांनी ऐकली, टीव्हीवर बघितली. पण त्याच्या महिनाभर आधी, २०१८ च्या मे महिन्यात, हैदराबादच्या चांद्रायणगुट्टा भागात जमावानं एका तृतीयपंथी बाईला मारून टाकलं आणि तिच्या सोबतिणींना जखमी केलं. कारण तेच, पोरं पळवणारी. ती बातमी आपल्यापर्यंत पोहोचली नाही.

म्हणजे बघा, १९१९ च्या कायद्यात जो संशय लिहिला होता तोच नव्व्याण्णव वर्षांनी त्याच शहरात जमावाच्या तोंडी होता. जमावानं काही कायदा वाचला नसेल. कायद्यानंच कधीतरी लोकांच्या तोंडचं उचलून वहीत घातलं, असंही असेल. पण सरकारच्या पुस्तकात एखादी गोष्ट शंभर वर्षं लिहिलेली राहिली, की तिला खरेपणाचा शिक्का बसतो. त्यामुळं ती खोडावी लागते. आपोआप खोडली जात नाही.

ही मात्र आपोआप खोडली गेली असती असं वाटावं अशा कितीतरी वेळा येऊन गेल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून मोकळे झालो. दरवर्षी झेंडा लावतो. १९५० मध्ये राज्यघटना आली. १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचा भाग आंध्र प्रदेशात. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झालं. त्याच वर्षी १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तृतीयपंथी व्यक्तीला आपली ओळख आपण ठरवायचा अधिकार आहे. एवढं सगळं झालं आणि तिकडं तो कायदा आपल्या जागी होता तसाच. नाव तेवढं बदलत गेलं. आधी हैदराबादचा होता, मग आंध्र प्रदेशच्या तेलंगण भागाचा, मग तेलंगणचा.

शेवटी तो हलवला माणसांनी. वैजयंती वसंता मोगली या तृतीयपंथी कार्यकर्त्या आणि त्यांच्याबरोबर काही जणांनी २०१८ मध्ये हैदराबादच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. आमदार-खासदार कुणी नाही, ज्यांना तो कायदा लागू होत होता तीच माणसं. पुढं कोविड आला. तेव्हा रेशन कार्ड नसलेल्या तृतीयपंथीयांना धान्य आणि औषधं मिळावीत म्हणून आणखी एक याचिका झाली. दोन्ही मिळून चालल्या. निकाल लागला ६ जुलै २०२३ ला. पाच वर्षं. मुख्य न्यायाधीश उज्ज्वल भुयान आणि न्यायमूर्ती सी. व्ही. भास्कर रेड्डी यांनी तो सगळा कायदा घटनेविरुद्ध ठरवून रद्द केला. हा कायदा एका अख्ख्या समाजाला गुन्हेगार ठरवतो, माणसाच्या खासगीपणावर आणि इज्जतीवर घाला घालतो, असं म्हटलं. शिवाय सरकारला सांगितलं, की शिक्षणात आणि सरकारी नोकरीत यांना आरक्षण द्या, आणि तुमच्या आसरा पेन्शनमध्ये यांना घ्या.

आता तुम्ही म्हणाल, हे हैदराबादचं झालं, आपला काय संबंध? आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीतही हाच प्रश्न आला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

त्याचं असं झालं. आमच्या प्रभागातल्या एका गावात एक तृतीयपंथी बाई आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. बरीच वर्षं शहरात काढली, आई आजारी पडली म्हणून गावी आली आणि मग राहिलीच. आठवडी बाजारात बांगड्यांचा गाळा लावते. तिनं एका गटात यायचं म्हटलं. महिना दोनशे रुपये बचत तिला जड नव्हती, उलट बाजाराच्या दिवशी आपल्यातल्या कित्येक जणी तिच्याकडून उधार बांगड्या भरतात! तरी तीन बैठका नुसत्या यावरच गेल्या. कुणी म्हणालं, गट बायांचा आहे. कुणी म्हणालं, नवरा काय म्हणेल. आणि एकीनं हळूच म्हटलं, घरात लहान लेकरं आहेत हो, त्यांचं काही सांगता येत नाही. पुन्हा तेच. पोरं.

तेव्हा आमच्या एक थोरल्या सदस्य बोलल्या. कैकाडी समाजाच्या आहेत, बैठकीत फारशा बोलत नाहीत, अंगठा देतात आणि बसतात. त्या म्हणाल्या, “माझा बाप लहानपणी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होता. तारेचं कुंपण होतं. बाहेर जायचं तर पास लागायचा, हजेरी द्यावी लागायची. बापानं काय चोरलं होतं? तो सात वर्षांचा होता. रजिस्टरात नाव होतं, एवढंच.” मग अक्काकडं बघून म्हणाल्या, “हिचं आमच्यासारखंच आहे.” त्यानंतर कुणी फार बोललं नाही. अक्काचं नाव गटात चढलं. सचिवानं इतिवृत्तात लिहिलं, सर्वानुमते. खरं सांगायचं तर सर्वानुमते नव्हतं, दोघी उठून गेल्या होत्या. त्यातली एक पुढच्या महिन्यात परत आली, एक आलीच नाही.

तर संबंध हा असा आहे. आणि आणखी एक आहे. असले कायदे मेले असं वाटलं तरी त्यांचे शब्द परत येतात. शेजारच्या कर्नाटकातच बघा. तिथं २०११ मध्ये पोलिस कायद्यात ३६-अ नावाचं नवीन कलम घातलं. त्यात तृतीयपंथीयांचं रजिस्टर ठेवायचं, आणि संशय कसला, तर पोरं पळवण्याचा, खच्ची करण्याचा. जवळपास तेच शब्द, ब्याण्णव वर्षांनी! तिथल्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या आणि पुढं सरकारला कलमातून तो शब्द काढावा लागला. पण कुणी गेलंच नसतं तर?

कोर्टात जाणं हा शेवटचा रस्ता आहे, आणि महागाचा. त्याच्या आधीही दारं असतात, आणि ती दिल्लीपर्यंत उघडता येतात, हे २०१६ ते २०१९ मध्ये दिसलं. केंद्र सरकारनं २०१६ च्या ऑगस्टमध्ये तृतीयपंथीयांसाठी विधेयक आणलं. नाव हक्कांच्या संरक्षणाचं. आत काय, तर तृतीयपंथी कोण हे ठरवायला जिल्ह्यात एक छाननी समिती. तिच्यात मोठे डॉक्टर, मानसोपचाराचे डॉक्टर, अधिकारी. म्हणजे तुम्ही कोण आहात ते चार माणसं तुम्हाला समोर बसवून ठरवणार. शिवाय तृतीयपंथीयांना भीक मागायला लावणं हा गुन्हा. ऐकायला चांगलं वाटतं. पण ज्यांना कुणी कामच देत नाही, जे गुरूच्या घरी एकत्र राहतात, त्यांना माहीत होतं की हे कलम त्यांच्याच गुरूंवर आणि सोबतिणींवर फिरणार.

विधेयक संसदेच्या स्थायी समितीपुढं गेलं. अशी समिती लोकांकडून लेखी म्हणणं मागवते. कुणीही पाठवू शकतं, वकील लागत नाही, तिकीट लागत नाही. देशभरच्या तृतीयपंथी संघटनांनी पाठवलं, काही जण समोर जाऊन बोलले. तरी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेनं छाननी समिती आणि भिकेचं कलम ठेवूनच विधेयक मंजूर केलं. मग गावोगावी, शहरोशहरी लोक रस्त्यावर आले. ते विधेयक राज्यसभेत अडकलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झालं. २०१९ मध्ये पुन्हा आलं तेव्हा छाननी समिती गेली होती. भिकेचं कलमही गेलं होतं. ही दोन्ही कलमं सरकारला आपणहून सुचून गेली नाहीत.

सगळं मिळालं का? नाही. २६ नोव्हेंबर २०१९ ला, संविधान दिनालाच, राज्यसभेनं ते मंजूर केलं. त्यात आरक्षण नाही. जिल्हाधिकाऱ्याचं ओळखपत्र घ्यावंच लागतं. आणि आम्हाला सगळ्यात बोचतं ते हे, की तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर या कायद्यात शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. आपल्यावर बलात्कार झाला तर कायद्यात कमीत कमी दहा वर्षं आहेत. अक्काला हे सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, “म्हणजे आम्ही स्वस्तात.” यावर काय बोलणार? हे बदलायचं काम अजून शिल्लक आहे, आणि ते एकट्या तृतीयपंथीयांच्या ताकदीबाहेरचं आहे. मतांचा हिशोब करणाऱ्याला त्यांची संख्या छोटी दिसते. आपल्या गटांची छोटी दिसत नाही.

म्हणून गटानं काय करायचं ते सांगतो. फार नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यायची असते हे तुम्हाला माहीत आहे. कित्येक गावांत ती नुसती सह्यांपुरती होते. तिथं ठराव मांडा. ठरावानं कायदा रद्द होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ग्रामसभेत कुणी हसलं तर तुम्ही गडबडणार नाही. कायदा रद्द करते विधानसभा, संसद किंवा कोर्ट. पण महिलासभेचा ठराव ग्रामसभेपुढं येतो, त्याची नोंद होते, नक्कल मागता येते, आणि ती नक्कल जोडून आमदाराला पत्र देता येतं. पत्राची पोच घ्या. पोच नसेल तर पत्र दिलं नाही असंच समजा. विषय राज्याच्या कायद्याचा असेल तर आमदार, देशाच्या कायद्याचा असेल तर खासदार. वरचं शिक्षेचं कलम खासदाराकडं जाईल. उलटसुलट केलं तर ते एकमेकांकडं बोट दाखवतात.

नवीन विधेयक आलं असं कानावर आलं तर आधी मराठी मजकूर मागा. व्हॉट्सॲपवर आलेल्या चार ओळींवर सही करू नका, मग त्या आपल्या बाजूच्या का असेनात. वाचताना तीन ठिकाणी बोट ठेवा. कुणाची नोंद ठेवणार, ती कोण ठेवणार, आणि नाव चढल्यावर काय होणार. तेलंगणचा कायदा एवढ्या तीन प्रश्नांवर उघडा पडतो. समजलं नाही तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना बैठकीत बसवल्याशिवाय यातलं काही करू नका. आमच्या ठरावाच्या पहिल्या मसुद्यात एकीनं ‘या दुर्दैवी लोकांना’ असं लिहिलं होतं. अक्कानं ते खोडायला लावलं. तिथं ‘गावातील तृतीयपंथी नागरिकांना’ असं घातलं.

हे होतं का, असं विचाराल तर जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक घ्या. २०२१ च्या जानेवारीतली ग्रामपंचायत निवडणूक. अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवारानं स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, तर निवडणूक अधिकाऱ्यानं तो बाद केला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. कोर्टानं सांगितलं, त्या स्वतःला स्त्री मानतात तर त्यांना स्त्रीच्या जागेवर उभं राहता येईल. त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. कोर्टानं फक्त अर्ज घ्यायला लावला. मतं गावानं दिली. सोलापूर जिल्ह्यात तरंगफळ गावानं तर २०१७ मध्येच तृतीयपंथी सरपंच निवडून दिला होता. ही काही पुण्या-मुंबईची गावं नाहीत. आपल्यासारखीच आहेत, पाण्याच्या टँकरवरून भांडणारी.

आमच्या ग्रामसंघाचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी महिलासभेत मांडायचा आहे. दोन मागण्या आहेत. तृतीयपंथीयांवरच्या अत्याचाराची शिक्षा स्त्रियांवरच्या अत्याचाराइतकी करावी. आणि गावातल्या रेशन कार्डावरून ज्या तृतीयपंथीयांची नावं घरच्यांनी कमी केली, त्यांना वेगळं कार्ड मिळावं. अक्काचं नाव तिच्या भावानं कमी केलेलं आहे, आई गेली त्याच महिन्यात. मसुदा तुमच्या सीआरपी ताईंकडं ठेवला आहे. आपल्या गावाचं नाव घालून वाचून घ्या, बदल करायचा तो करा, आणि सह्या घेताना खाली तारीख घालायला विसरू नका. अंगठा देणाऱ्या बायांना मजकूर दोनदा वाचून दाखवा.